पिशव्या कोण सांभाळणार?



उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर हा अंक तुमच्या हाती पडतो आहे. घरोघरी सहलींचे बेत शिजण्याचे हे दिवस. आमच्या संघटनेतही यंदा सहलीवरून बरीच वादावादी झाली, आणि ती एका सहलीपुरती नव्हती, म्हणून इथे मांडते आहे.

वस्तीतल्या बचत गटांची वर्षातून एक सहल निघते. आजवर आळंदी-देहू झालं, जेजुरी झाली, एकदा अलिबागचा किनारा झाला. यंदा गटांतल्या तरुण सुनांनी सांगितलं, देवदर्शन पुष्कळ झालं, आम्हाला वॉटर पार्कला जायचंय. म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग त्यांनीही हात वर केले. गटांचा निर्णय दहा मिनिटांत झाला. कार्यकर्त्यांचा तीन बैठका होऊनही होईना.

पहिला आक्षेप अर्थातच चंगळवादाचा. आमच्यातल्या ज्येष्ठ ताईंना १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तो काळ आठवतो. पुढे २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. आता तर महामार्गाला लागलं की दर थोड्या अंतरावर कुठल्या तरी पार्कची कमान दिसते. मोठ्या पार्कचं तिकीट माणशी हजाराच्या पुढे. आमच्या गटांतल्या बहुतेकजणी धुण्याभांड्याची कामं करतात. एका घरी महिनाभर भांडी घासून जे मिळतं ते एका दिवसात पाण्यात, आणि तेही अक्षरशः पाण्यात, घालवायचं का, असा ताईंचा सवाल होता. दुसरा आक्षेप पाण्याचाच. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले होते. खेळपट्टीवर मारायच्या पाण्याचा हिशोब मागणाऱ्या आपण, कृत्रिम लाटांच्या तलावात कशा उतरणार?

दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की धुण्याभांड्याच्या बाईने पैसे कुठे खर्च करावेत हे ठरवणारी नवी सासू म्हणजे संघटना नव्हे. देवदर्शनालाही गाडीभाडं लागतं, तिथे कोणी चंगळवाद म्हणत नाही, कारण तिथे बाई हात जोडून उभी असते. पाण्याचा प्रश्न खरा आहे, पण तो सर्वप्रथम आठवतो तो बायकांनी खेळायचं म्हटल्यावरच. एका गटप्रमुखाने तर शांतपणे सांगितलं, की ती रोज आठ तास पाण्यातच असते, फक्त ते पाणी दुसऱ्यांच्या मोरीतलं असतं.

मला स्वतःला ही दुसरी बाजू जास्त पटते, हे सांगून टाकते. समाजकार्याच्या शिक्षणात गटकार्याच्या पेपराला 'करमणूक' हा मुद्दा असायचा आणि तो एका तासात उरकला जायचा. त्यामुळे बायकांची मौज हा विषय कामाच्या यादीत शेवटी टाकायची आमची सवय आहे. कायदा, आरोग्य, रेशन, हिंसा हे सगळं झाल्यावर वेळ उरला तर सहल. पण मौज मिळते कोणाला आणि कोणाच्या जिवावर, हा प्रश्न रेशनच्या प्रश्नाहून फार वेगळा नाही. आणि तो प्रश्न आमच्या वादात दोन्ही बाजूंनी विचारलाच नव्हता.

एखाद्या रविवारी अशा कुठल्याही पार्कमध्ये जाऊन नुसतं बसून पाहा. सावलीच्या प्रत्येक बाकावर एक बाई दिसेल. तिच्या पायाशी चार पिशव्या, मांडीवर कोणाचा तरी चष्मा आणि दोन मोबाईल, हातात ओला टॉवेल. बाकीचं कुटुंब घसरगुंडीवर असतं. ती हाकेला ओ देते, नाकं पुसते, पुढच्या राइडसाठी कोरडे कपडे काढून ठेवते. तिचंही तिकीट तेवढंच असतं. विचारलं तर म्हणते, मला भीती वाटते, किंवा मला आवड नाही, तुम्ही जा. खरोखर भीती वाटणाऱ्याही असतील. पण दर कुटुंबात नेमकी आईलाच भीती वाटते आणि बापाला वाटत नाही, हा निसर्गाचा नियम असेल असं मला वाटत नाही.

तिची सहल आदल्या रात्रीच सुरू झालेली असते. दशम्या, बटाट्याची भाजी, लोणच्याची पुडी, मुलांचे जोडकपडे, सासूबाईंच्या गोळ्या. अनेक पार्कांत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, तेव्हा दारावर तो डबा बाजूला ठेवायला लागतो आणि आत तिप्पट किमतीचं काहीतरी घेताना 'तुला आधी माहीत नव्हतं का' हेही तिनेच ऐकायचं. रात्री घरी आल्यावर ओल्या कपड्यांचं गाठोडं मोरीत असतं. सगळे दमून झोपलेले असतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं, असं आढळलं. मुलांची, म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी. सहलीच्या दिवशी ही मिनिटं कमी होतात असं समजायला मला तरी आधार दिसत नाही. जागा बदलते एवढंच.

कौटुंबिक सहल या शब्दातच गोम आहे. कुटुंब सहलीला गेलं म्हणजे कुटुंबातली सगळी कामंही सहलीला गेली. म्हणून आमच्या सुनांमध्ये जे दोन तट पडले, मुलं-नवऱ्यासकट जायचं की फक्त बायकांनी, तो वाद मला चंगळवादाच्या वादापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटला. सगळ्यांना घेऊन जाऊ म्हणणाऱ्यांचंही कारण हलकं नव्हतं. मुलांना सोडून आपण एकट्यांनी मजा करायची हे त्यांच्या घशाखाली उतरत नाही. शिवाय मुलांना घरी कोण बघणार? नवऱ्याला सोडून गेलं तर नंतर महिनाभर ऐकावं लागेल, असंही एकीने हसत हसत सांगितलं. ती हसत होती म्हणून आम्हीही हसलो, पण तिच्या घरी ऐकवणं म्हणजे काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे.

बायकांनी एकत्र जमून अंग मोकळं करायचं, दमेपर्यंत खेळायचं, हे आपल्याकडे नवीन नाही. मंगळागौरीच्या जागरणात फुगड्या, झिम्मा, पिंगा चालतातच. भोंडला आहे, नागपंचमीचा झोका आहे. पण त्या खेळाला देवाची सबब लागते, आणि मंगळागौरीला तर नवरा हयात असावा लागतो. विधवेने, टाकलेलीने, लग्न न केलेलीने कुठे फुगडी घालायची? वॉटर पार्कच्या दारावर तिकीट पाहतात, मंगळसूत्र पाहत नाहीत. बाजाराने दिलेलं हे स्वातंत्र्य पैशाच्या मापाचं आहे, हे मला कळतं. तरी ते मिळाल्यावर आमच्या गटातल्या पन्नाशीच्या बायका त्याचं काय करतात हे पाहण्यासारखं असेल.

अर्थात मंगळसूत्र पाहत नाहीत हेही पूर्ण खरं नाही. काही ठिकाणी 'केवळ कुटुंबांसाठी' असा नियम असतो. एकट्या पुरुषांच्या टोळक्यांना रोखण्यासाठी तो आहे असं सांगितलं जातं, आणि त्याचा उपयोग होतो असं पुष्कळजणी सांगतात. पण कुटुंब म्हणजे काय हे दारावरचा माणूस ठरवतो. पुरुष बरोबर नसलेल्या बायकांच्या गटाला, तृतीयपंथी मैत्रिणींना दारावर काय काय विचारलं जातं याचे अनुभव आमच्याकडे आहेत. सुरक्षितता हवी म्हणून नको असलेल्यांना बाहेर ठेवायचं, ही युक्ती सोपी असते, आणि तिची पाळी कधी ना कधी आपल्यावर येते.

आता कपड्यांचा प्रश्न. बहुतेक वॉटर पार्कांत सुती कपड्यांनी, साडीने पाण्यात उतरता येत नाही, नायलॉनसारख्या कापडाचा पोशाख सक्तीचा असतो. त्याला सुरक्षेचं कारण आहे, साडीचा पदर घसरगुंडीत अडकला तर जीव जाईल. आयुष्यभर साडीशिवाय काही न नेसलेल्या बाईला गुडघ्यापर्यंतचा घट्ट पोशाख भाड्याने घेऊन चारचौघांत यायचं म्हणजे केवढं धाडस लागतं! आणि त्याच वेळी काठावर मोबाईल घेऊन उभा असलेला कोणीतरी. लाटांच्या तलावात गर्दीचा फायदा घेऊन होणारे स्पर्श तर सगळ्याच मुलींच्या ओळखीचे. हे होईल म्हणून जायचं नाही, हा आपला मार्ग नव्हे. पण माहिती असू द्यावी. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. विनयभंगासाठी तिचं कलम ७४, लैंगिक छळासाठी ७५, चोरून फोटो-चित्रीकरणासाठी ७७. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा. आणि तिथल्या कर्मचाऱ्यानेच त्रास दिला तर २०१३ च्या कायद्याखाली त्या आस्थापनेच्या अंतर्गत समितीकडेही तक्रार करता येते. पीडित स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे असं तो कायदा म्हणत नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतं.

गर्दी आम्हा मुंबईच्या बायकांना कोण शिकवणार, असं एक सदस्य म्हणाली. बरोबर आहे. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल धावली, त्याच्याही आधीपासून लोकलच्या बायकांच्या डब्याने गर्दीत कसं राहायचं ते शिकवलं आहे. भाजी निवडायची, डोहाळजेवण करायचं, चौथ्या सीटसाठी भांडायचं आणि एखादीला चक्कर आली की सगळ्यांनी मिळून जागा करायची. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा 'आता बायकाच बायका गाडीत' असा सूर निघाला. म्हणजे आतापर्यंत गाडीत गर्दी कोणाची होती ते आपोआप कळलं.

पण सहलीच्या गर्दीत बाईची म्हणून एक वेगळी अडचण असते, आणि ती या उद्यानांच्या जन्मापासून आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं. बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे पहिल्याच दिवशी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त, २८,००० च्या आसपास माणसं आत शिरली. नव्याने ओतलेलं डांबर उन्हाने मऊ झालेलं, त्यात बायकांच्या टाचा रुतल्या. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास दोन्ही वेळेत पुरे होणं शक्य नव्हतं. मालक वॉल्ट डिस्ने यांनी संडास निवडले. लोक तहानेने चिडले, त्यांच्यावर टीकाही झाली. मला ही निवड शहाणपणाची वाटते. पाणी विकत घेता येतं, बाईला आडोसा विकत घेता येत नाही. त्याच कॅलिफोर्नियात १९८७ मध्ये सार्वजनिक जागांत बायकांना पुरेशी स्वच्छतागृहं हवीत असा कायदा झाला. त्याचं निमित्त होतं एका आमदाराची बायको आणि मुलगी एका संगीताच्या कार्यक्रमात लांबलचक रांगेत अडकल्याचं. आमदार स्वतः बाहेर ताटकळत होते, म्हणून कायदा झाला, असं आम्ही आपसात म्हणतो. आपल्याकडे २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेतल्या मैत्रिणी मुंबईत हेच मागत आल्या आहेत. बायकांना वेळ जास्त लागतो, साडी-सलवार असते, पाळी असते, बरोबर मूल असतं. तरी नकाशावर दोन्ही बाजूंना सारखे चौकोन काढून समानता झाली असं मानलं जातं. आणि मग सकाळपासून पाणी न पिण्याची आपली जुनी युक्ती उरते. तळपत्या उन्हात, दिवसभर!

रांगेची दुसरी गोष्ट पैशाची. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ मध्ये रांगेत वेळ राखून ठेवायची सोय निघाली ती फुकट होती. २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली. आता आपल्याकडेही जादा पैसे भरून रांग टाळता येते. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष दर्शन आहे, तेव्हा पार्कवाल्यांना एकट्यांना काय बोलायचं? रांग ही एक अशी जागा होती जिथे मोलकरीण आणि मालकीण एकामागे एक उभ्या राहत. बाजूच्या मोकळ्या वाटेने एक कुटुंब सरसर पुढे जातं आणि आपला मुलगा विचारतो, ते का जातात? त्याला उत्तर द्यायचं काम पुन्हा आईचंच. ज्या मुलांना गर्दी आणि आवाज सहनच होत नाहीत, स्वमग्न मुलं, त्यांच्या आयांना तर रांगेत उभं राहून सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. वेगळी वाट खरी त्यांना हवी, आणि ती पैशाने मिळू नये. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. सहलीच्या ठिकाणी तो दाखवून पाहावा.

इथवर त्रासाची गर्दी झाली. जिवावर बेतणारी गर्दी वेगळी, तिच्याबद्दल आमच्या बैठकीत कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलते. २५ मे २०२४ ला राजकोटच्या एका गेम झोनला आग लागली आणि २७ जणांचा कोळसा झाला, त्यात मुलं होती. सुट्टीतला शनिवार, ९९ रुपयांत प्रवेश अशी सवलत, म्हणून गर्दी. अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला नव्हता. त्याच वर्षी २ जुलैला हाथरसच्या सत्संगात १२१ माणसं गेली, त्यात बहुतेक बायका. परवानगी ८०,००० ची, माणसं अडीच लाखांवर. आपल्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला तीनशेच्या आसपास भाविक गेले. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, पेटलेली दुकानं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर २३. दर वेळी आपण 'चेंगराचेंगरी' म्हणतो, जणू लोकांनीच एकमेकांना तुडवून मारलं. पुष्कळदा माणसं उभ्या उभ्या गुदमरतात. चौरस मीटरला चार-पाच माणसं होईतो आपण आपल्या पायांनी चालतो. सहा-सातच्या पुढे गेलं की गर्दी पाण्यासारखी वाहते, कोणाचाच पाय कोणाच्या ताब्यात राहत नाही. तिथे शिस्त आणि अडाणीपणा यांचा काही संबंध नसतो. माणसं मोजायचं, दरवाजे उघडे ठेवायचं काम ज्यांचं, त्यांचा संबंध असतो.

आणि तशा गर्दीत बाई आधी का पडते? उंची कमी, कडेवर मूल, पायात साडी, चप्पल सुटलेली आणि ती उचलायला वाकलेली. म्हणून सहलीआधी एवढं तरी बोलून घ्या. चप्पल गेली तर जाऊ द्या, वाकू नका. मूल पुढून छातीशी धरा आणि दोन्ही हात कोपरांत वाकवून त्याच्या-आपल्या छातीपुढे श्वासाएवढी जागा राखा. लोट आला की त्याच्या विरुद्ध रेटू नका, लोट ओसरला की तिरकं तिरकं कडेला सरका. भिंत आणि कठडा मात्र टाळा, माणसं तिथेच दाबली जातात. कोणी पडली तर तिला लगेच उठवा, कारण तिच्यावर पुढच्या पडतात. आत शिरल्याबरोबर बाहेर पडायच्या दोन वाटा पाहून ठेवा. एकच वाट दिसली तर परत फिरा, तिकिटाचे पैसे गेले तरी.

आमचं काय ठरलं ते सांगते. सहल वॉटर पार्कलाच, पण मंगळवारी, शाळा सुरू झाल्यावर. त्या दिवशी गर्दी कमी आणि गटाला तिकिटात सूट. महिन्याला शंभर रुपये प्रत्येकी साठवायला सुरुवात झाली आहे. फक्त बायका जाणार, बारा वर्षांखालची मुलं आणायची मुभा, मात्र त्यांना सांभाळायची पाळी तासा-तासाने सगळ्यांची, कार्यकर्त्यांचीही. पिशव्यांचं तसंच. तीन नवरे मुलं घरी सांभाळायला कबूल झाले आहेत. चौथा विचार करतो आहे. चंगळवादाचा मुद्दा मांडणाऱ्या ताई आमच्याबरोबर येणार आहेत, पाण्यात उतरणार नाहीत म्हणतात. पिशव्यांची पाळी त्यांनाही चुकलेली नाही.

तुमच्याकडून एक काम हवं आहे. पावसाळ्यापर्यंत जत्रा, उरूस, पार्क, लग्नाचा मोठा मांडव, जिथे जिथे गर्दीत जाल तिथे चार गोष्टी मोजा. बायकांचे संडास किती आणि पुरुषांचे किती. पिण्याचं पाणी किती पावलांवर. बाहेर पडायच्या वाटा किती आणि त्यांतल्या उघड्या किती. आणि पिशव्या धरून बसलेल्या बायका किती. गावाचं नाव आणि तारीख घालून पोस्टकार्डावर लिहून पाठवा, नाहीतर कोणा मैत्रिणीच्या फोनवरून. आलेले आकडे पुढच्या अंकात छापू, आणि तेच घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.